शितावरून जाळ्याची परीक्षा

संगणक-जाळ्याची कामगिरी मोजण्यासाठी त्यात चाचणीची छोटी पॅकेट्स सोडतात. ती पोहोचायला किती वेळ लागला आणि किती वाटेतच हरवली, यावरून जाळ्याच्या स्थितीचा अंदाज बांधला जातो. ही शितावरून भाताची परीक्षा असल्याने शीत कधी उचलले, याला फार महत्त्व आहे.

सोपी रीत म्हणजे समजा दर १० सेकंदांनी एक पॅकेट पाठवणे. पण जाळ्यातली गर्दीही दर १० सेकंदांनीच उसळत असेल, तर प्रत्येक पॅकेट एकतर गर्दीत सापडेल किंवा ती कायम चुकवेल. दोन्ही निष्कर्ष फसवे ठरतात.

यावर उपाय म्हणजे प्वासाँ नमुनापद्धत. तिच्यात दोन पॅकेट्समधले सरासरी अंतर ठरलेले असते, पण पुढची वेळ यादृच्छिक असते. त्यामुळे जाळ्याची प्रत्येक स्थिती जितका काळ टिकते, त्याच प्रमाणात नमुन्यात उतरते. इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या आयईटीएफने १९९८ मध्ये आरएफसी २३३० या दस्तऐवजात या पद्धतीची शिफारस केली.

आवाजासारख्या अखंड प्रवाहासाठी २००२ च्या आरएफसी ३४३२ ने ठरावीक अंतराची रीतही मान्य केली. सुरुवात मात्र यादृच्छिक क्षणी करायची. चाचणी-पॅकेट्स मोजकीच हवीत, नाहीतर त्यांचीच गर्दी मोजमाप बिघडवते.