जॉर्जियाच्या माळावरचं कृष्णकमळ

शंभर कौरव, पाच पांडव, वर ब्रह्मा-विष्णू-महेश आणि मध्ये कृष्ण हा हिशेब लहानपणी कृष्णकमळ हातात धरून मोजला नाही, असं माणूस या सभागृहात विरळाच. सतराव्या शतकाच्या आरंभी युरोपातल्या पाद्र्यांना याच फुलात येशूचा काटेरी मुकुट, पाच जखमा आणि तीन खिळे दिसले. ज्याने त्याने आपापला ग्रंथ फुलात वाचला. पानाकडे फारसं कुणी बघितलं नाही. मी आज पानाबद्दल बोलणार आहे.

आपल्याकडे कुंपणांवर चढवलेली कृष्णकमळं मूळची अमेरिका खंडातली. त्यांतली एक जात, पॅसिफ्लोरा इन्कार्नाटा, तर थेट इथली, जॉर्जियातली रानवेल. लोक तिला मेपॉप म्हणतात. व्हर्जिनियापासून फ्लोरिडापर्यंत आणि पश्चिमेला टेक्सासपर्यंत ती आपोआप उगवते. १६१२ साली छापलेल्या व्हर्जिनियाच्या वर्णनात कॅप्टन जॉन स्मिथने तिच्या फळाची नोंद केली आहे. १८६७ साली निसर्गलेखक जॉन म्यूर पायी मेक्सिकोच्या आखाताकडे निघाला, तेव्हा जॉर्जियात त्याने हे फळ खाल्लं आणि त्यावर बेहद्द खूश झाला. टेनेसीची गंमत वेगळीच. १९१९ साली शाळकरी मुलांनी हे राज्यफूल निवडलं, १९३३ साली विधिमंडळाने तो मान आयरिसला दिला, आणि १९७३ साली तडजोड झाली: आयरिस बागेतलं राज्यफूल, मेपॉप रानातलं.

आता ओळख. नर्सरीत ‘पॅशन फ्लॉवर’ म्हणून मिळणारं रोप पुष्कळदा दक्षिण अमेरिकेतलं, पॅसिफ्लोरा सेरुलिया असतं. फुलावरून फसायला होतं, म्हणून पान धरा. सेरुलियाचं पान बहुधा पाच बोटांचं आणि गुळगुळीत कडेचं. मेपॉपचं तीन बोटांचं, आणि कडेला बारीक दाते. देठ पात्याला मिळतो तिथे दोन फुगीर ग्रंथी असतात, त्यांतून गोड रस पाझरतो आणि मुंग्या त्याभोवती घुटमळतात. इथली आणखी एक रानटी बहीण आहे, ल्यूटिया. तिचं पान रुंद, बोथट तीन भागांचं, बिनदात्यांचं, आणि फूल नखाएवढं पिवळट हिरवं. शोधायला जंगलात शिरू नका. रस्त्याची कड, रेल्वेचा बांध, पडीक शेत, जिथे भरपूर ऊन आहे तिथे बघा, आणि तेही मे महिना उजाडल्यावर. थंडीत हा वेल जमिनीपर्यंत मरतो आणि इतका उशिरा फुटतो की उत्साही माणसं तोवर त्याच जागी टोमॅटो लावून बसतात.

लावायचा तर घराच्या पायाजवळ किंवा भाजीच्या वाफ्यात नको. जमिनीखालून मुळं पळतात आणि कुठेही फुटवे काढतात. हिरवळीच्या कडेला जाळी उभारा. हिरवळीत आलेले फुटवे गवत कापतानाच छाटले जातात, घरमालक संघाचं (एचओएचं) पत्रही येत नाही.

खरी अडचण पुढे येते. जूनपासून फुलं येतात, प्रत्येक जेमतेम दिवसभर टिकतं, पण फळ धरत नाही. मेपॉपला स्वतःचा पराग चालत नाही. आनुवंशिकदृष्ट्या वेगळा दुसरा वेल जवळ हवा, आणि पराग नेणारा मोठा भुंगा हवा. डेकच्या लाकडाला भोकं पाडतो म्हणून आपण ज्याच्यावर फवारा मारतो, तोच हा! तो मधासाठी फुलात गोल फिरतो, आणि वरून खाली तोंड करून टांगलेले पुंकेसर त्याच्या पाठीवर पिवळी भुकटी माखतात. लहान मधमाशीची पाठ तिथवर पोचतच नाही. भुंगे नसतील तर रंगाचा बारीक ब्रश घ्या.

मग येतात नारिंगी अंगाच्या, काळ्या काट्यांच्या अळ्या. गल्फ फ्रिटिलरी या फुलपाखराच्या. अख्खा वेल उघडा करतात. मला विचाराल तर खाऊ द्याव्यात. ही अळी कृष्णकमळाच्या कुळाबाहेर वाढत नाही, आणि मुळांमध्ये अन्न साठलेला जुना वेल पुन्हा फुटतो. फवारणी करायची असेल तर प्लास्टिकचा वेल लावावा, तो स्वस्त पडतो.

फळ कोंबडीच्या अंड्याएवढं. हिरव्यावर पिवळी झाक येऊन, सालीला सुरकुत्या पडून ते आपण होऊन गळतं, तेव्हाच उचला. वेलावरून तोडलेलं आंबटढोण लागतं. बियांभोवतीचा गर चोखायचा. बी वाळवून ठेवलं की उगवायला फार रडवतं, त्यामुळे ताजंच पेरा.

ज्यांना फुटवे हवे आहेत त्यांनी चहाच्या वेळी माझ्याकडे नाव द्यावं. मात्र माझ्याकडचे सगळे फुटवे एकाच मुळाचे आहेत. ते दहा घरांत लावले तरी एक फळ धरणार नाही. जोडीचा वेल दुसऱ्या कुणाकडून मिळवा, आणि घेताना पानाच्या कडेचे दाते बघून घ्या.