चेटकीण कोण घडवते?



कामगार संघटनेचा माणूस व्यासपीठावर उभा राहिला म्हणजे तो मजुरी, बोनस आणि महागाई यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते आणि ती रास्त आहे. परंतु चालकांनी विषय निवडण्याचे स्वातंत्र्य मला दिले आणि मी चेटकीण निवडली. आपल्यापैकी काहींना हसू आले, ते मी पाहिले. हसण्याला माझी हरकत नाही. विषय संपेपर्यंत ते टिकले तर मात्र माझे बोलणे वाया गेले, असे मी समजेन.

माझे शालेय शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढे जे थोडेफार शिकलो, ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर आणि ऊसतोड मजुरांच्या कोप्यांतून. तेव्हा चेटूकविद्येचे शास्त्र सांगणे माझ्याच्याने होणार नाही. पण संघटनेच्या कामात माणसाला एक सवय लागते. कोणतीही वस्तू पुढे आली, की ती कोणी घडवली, कोणाच्या पैशाने घडवली आणि तिच्यापासून लाभ कोणाला होतो, हे तो विचारतो. त्याच सवयीने आज चेटकिणीकडे पाहू.

प्रथम पडद्यावरची चेटकीण घेऊ, कारण आपल्या मुलांची तिच्याशी रोजची ओळख आहे. दूरचित्रवाणीवर हलत्या चित्रांच्या मालिका लागतात. मुले त्यांना कार्टून म्हणतात. माझ्या वयाच्या मंडळींना ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस दूरदर्शनवर लागणारी ‘ही-मॅन’ ही मालिका आठवत असेल. अमेरिकेत ती 1983 साली सुरू झाली आणि तिचे 130 भाग झाले. तिच्यात कवटीच्या तोंडाचा स्केलेटॉर हा दुष्टांचा नायक, आणि त्याच्या हाताखाली ईव्हिल-लिन नावाची चेटकीण. ‘ईव्हिल’ म्हणजे दुष्ट. तिने काही करण्यापूर्वी नावातच तिचा निकाल लागलेला आहे!

आता गंमत पाहा. त्याच मालिकेत आणखी एक जादू करणारी स्त्री आहे. ती किल्ल्याचे रक्षण करते आणि नायकाला शक्ती देते, म्हणून ती पूज्य. ईव्हिल-लिन स्वतःसाठी सत्ता मागते, संधी मिळाली तर आपल्या धन्यालाही फसवू पाहते, म्हणून ती चेटकीण. जादू दोघींनाही येते. फरक पडतो तो कोण कोणासाठी राबते आणि कोण स्वतःसाठी मागते, यामुळे. लेखकांनाही हे पात्र इतके सपाट ठेवणे जमले नसावे, कारण एका भागात ही चेटकीण आणि तिची शत्रू टीला वाळवंटात अडकतात आणि एकमेकींच्या साहाय्यानेच जिवंत बाहेर पडतात.

ही चेटकीण घडवली कोणी? मॅटेल नावाच्या कंपनीने 1982 साली या पात्रांची खेळणी बाजारात आणली होती आणि ती खपावीत म्हणून मालिका निघाली. नायकाची बाहुली घेतली की खलनायकाची घ्यावी लागते, तरच लढाई होते. म्हणजे या चेटकिणीमागे दुकानाचा हिशेब होता. तो उघड होता, आणि कोणाच्या जिवावर उठलेला नव्हता.

आपल्या मराठीलाही चेटकीण परकी नाही. सुधा करमरकर यांनी 1959 साली ‘लिटल थिएटर’ ही बालरंगभूमी सुरू केली, तेव्हापासून मराठी मुलांना स्वतःचे नाटक मिळाले. तिच्यासाठी पहिले नाटक लिहिणारे रत्नाकर मतकरी यांनीच पुढे ‘अलबत्या गलबत्या’ लिहिले. त्यातली चिंची चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी गाजवली आणि 2018 साली नाटक पुन्हा रंगभूमीवर आले तेव्हा ती वैभव मांगले यांनी केली. चेटकिणीच्या वेषात पुरुष! मुलाला हे ठाऊक असते. ते आईचा पदर घट्ट धरते, किंचाळते, आणि दुसऱ्या क्षणी खदखदून हसते. नाक खोटे आहे, केस खोटे आहेत, आणि पडदा पडल्यावर ही बाई मिशा पुसून घरी जाणार आहे, हे त्याला कळते. भिण्याचा हा सराव मुलाला हवाच असतो. म्हणून चेटकिणीची नाटके आणि मालिका बंद करा, असे मी मुळीच म्हणणार नाही.

आता या चित्रांमागच्या हातांकडे वळू. वॉल्ट डिस्नेचा हिमगौरीवरचा चित्रपट 1937 साली आला. त्यातल्या दुष्ट राणीचे रूप जगभर पसरले. पुढे तीच राणी वाकड्या नाकाची म्हातारी चेटकीण होऊन सफरचंद विकावयास येते. ती राणी हलती करणाऱ्या चित्रकारांत प्रमुख होता आर्ट बॅबिट. त्याच कारखान्यात चित्रांच्या रेषा शाईने गिरवणाऱ्या आणि रंग भरणाऱ्या बहुतेक स्त्रिया होत्या आणि त्यांना चित्रकारांपेक्षा पुष्कळच कमी वेतन मिळे. बॅबिट चांगल्या पगाराचा माणूस. त्याला स्वतःसाठी काही मागावयाचे नव्हते, तरी तो संघटनेत उतरला. मे 1941 मध्ये त्याला कामावरून काढले आणि संप सुरू झाला. शेवटी कंपनीला संघटनेशी करार करावा लागला.

गोष्ट इथे संपत नाही. 1947 साली अमेरिकन संसदेच्या एका समितीपुढे डिस्ने साक्षीला गेला आणि या संपामागे कम्युनिस्टांचा हात होता, असे त्याने नावे घेऊन सांगितले. त्या काळात केवळ नाव घेतले गेले म्हणून कित्येकांची रोजीरोटी गेली. इंग्रजी भाषेत अशा मोहिमेला ‘चेटकिणींची शिकार’ असेच म्हणतात. 1692 साली सेलम या गावी चेटकीण-चेटके ठरवून 19 माणसांना फाशी दिले होते. त्या प्रकरणावर आर्थर मिलरने 1953 साली नाटक लिहिले, ते या नव्या शिकारीकडे बोट दाखवण्यासाठीच. बंधुभगिनींनो, पडद्यासाठी चेटकीण काढणाऱ्यांच्याच धंद्यात अशी माणसे हुडकली गेली, हा योग मला विचार करण्यासारखा वाटतो. त्यांचा अपराध काय? त्यांनी हिशेब मागितला.

आता पडदा नसलेल्या चेटकिणीकडे येऊ. स्वित्झर्लंडमध्ये ग्लारूस नावाचा प्रांत आहे. तिथे आना गोल्डी ही एका वजनदार घरातली मोलकरीण. मालकाच्या मुलीच्या दुधात हिने चेटकाने टाचण्या घातल्या, असा आळ आला. छळ करून कबुली घेतली आणि 1782 साली तिचा शिरच्छेद केला. निकालात चेटकीण म्हणण्याची न्यायाधीशांना लाज वाटली असावी, म्हणून विष देणारी असे लिहिले. मालक प्रतिष्ठित, मोलकरीण एकटी. साक्ष कोणाची मानली गेली हे सांगावयास नको. 2008 साली, म्हणजे 226 वर्षांनी, तिथल्या विधिमंडळाने तिला निर्दोष ठरवले.

युरोपची गोष्ट म्हणून आपण सुटत नाही. आपल्या सातपुड्यात तिला डाकीण म्हणतात. आपल्या मराठवाड्यात करणी म्हणतात, भानामती म्हणतात. घरावर दगड पडतात, कपडे पेटतात, अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उठतात. बिब्ब्याचे तेल कातडीला लागले की फोड येतो आणि डाग राहतो, हे आपल्या आज्या जाणत होत्या. फॉस्फरस हवेत उघडा राहिला की आपोआप पेट घेतो, हे शाळेच्या पुस्तकात आहे. तरीही फुली दिसली की आपण बिब्बा कोणी लावला हे विचारत नाही. करणी कोणी केली हे विचारतो. आणि उत्तर म्हणून जे नाव पुढे येते, ते पाटलाचे नसते, सावकाराचे नसते, मुकादमाचेही नसते. ते विधवेचे असते, मूल नसलेलीचे असते, वाटणीत जमीन मागणाऱ्या भावजयीचे असते. करणी करणाऱ्याच्या अंगी एवढी शक्ती असेल, तर तो गावातला सर्वांत दुबळा माणूस कसा निघतो, हे कोडे मला आजवर कोणी सोडवून दाखवलेले नाही.

एक अनुभव सांगतो. एका टोळीबरोबर एक विधवा बाई उसाच्या फडावर गेली होती. आपल्याकडे नवराबायकोच्या जोडीला एक कोयता धरतात; ती एकटी, म्हणून हिशेबात अर्धा कोयता. लिहिता-वाचता येत नव्हते, पण रोज बांधलेल्या मोळ्यांच्या खुणा ती कोळशाने कोपीच्या बांबूवर ओढीत असे. हंगाम अर्धा झाला तेव्हा तिने मुकादमाला विचारले, उचल किती फिटली? त्याच आठवड्यात टोळीतली दोन मुले तापाने फणफणली. दोन दिवसांत कुजबुज सुरू झाली, की ही रात्री कोळशाने काय रेघा ओढते? देवऋष्याकडे माणूस जाऊन आला आणि तिच्या कोपीपुढे लिंबू पडले.

आम्हांला निरोप मिळाला तेव्हा आम्ही आधी मुलांना सरकारी दवाखान्यात नेले. रक्ततपासणीत हिवताप निघाला. कोप्यांच्या मागेच पाण्याचे डबके साचले होते. मग बांबूवरच्या खुणा आणि मुकादमाची वही शेजारी ठेवून मोजल्या. बाईचे पैसे निघत होते. रक्कम लहान होती, ती मिळाली. मुले बरी झाली. परंतु आपला शब्द मागे घ्यावयास कोणीही तिच्या कोपीवर गेले नाही आणि पुढल्या हंगामात तिला दुसरी टोळी शोधावी लागली. मंडळी वाईट नव्हती. ज्यांचे मूल तापात आहे आणि दवाखाना लांब आहे, त्यांना कारण हवे असते. मुकादमाला ते कारण स्वस्तात पुरवता आले, एवढेच.

यावर कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी त्यासाठी अनेक वर्षे झगडा दिला. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. एखादी व्यक्ती करणी करते, मंत्राने जनावराचे दूध आटवते, असे सांगून तिच्याविषयी संशय पसरवणे, तिला सैतान ठरवणे, हे त्यात गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आणि दंड 5,000 ते 50,000 रुपये. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. असे असताना ‘हा आमच्या भावकीतला मामला’ म्हणून कोणी फौजदाराला परत पाठवीत असेल, तर तो मामला भावकीचा राहिलेला नाही, हे आपण ठणकावून सांगितले पाहिजे.

मात्र कायद्याला पाय आपणच द्यावयाचे असतात. झारखंडच्या छुटनी महातो यांना 1995 साली डायन ठरवून छळले, गावाबाहेर काढले. त्या गप्प बसल्या नाहीत. आपल्यासारख्या ठरवलेल्या इतर स्त्रियांना सोडवण्याचे काम त्यांनी हाती घेतले आणि 2021 साली त्यांना पद्मश्री मिळाली. आसामच्या बिरुबाला राभा यांनाही त्याच वर्षी, त्याच कामासाठी हा मान मिळाला. गावाने ज्यांना वाळीत टाकले, अशांच्या पाठीशी उभे राहणाऱ्या या बायका राष्ट्रपती भवनापर्यंत पोहोचल्या.

मग आपण काय करावे? माझ्या अल्पमतीप्रमाणे तीन गोष्टी. पहिली, मुले पडद्यावरची चेटकीण पाहत असतील तेव्हा टीव्ही बंद करू नका. शेजारी बसा आणि विचारा, की हिने नक्की काय केले? हिचे म्हणणे कोणी ऐकले का? हे चित्र कोणी काढले असेल? मूल फार चांगली उत्तरे देते, असा माझा अनुभव आहे. दुसरी, गावात कोणाचे नाव करणीत घेतले गेले, तर त्या आठवड्यात तिने कोणाकडे काय मागितले होते, याची चौकशी करा. जमिनीचा तुकडा, मजुरीचा हिशेब, की आणखी काही. तिसरी, आजारी माणसाला आधी दवाखान्यात न्या. कारण ताप उतरला की कुजबुजीचे निम्मे बळ जाते.

आता फडावरून टोळ्या परत आल्या आहेत. सहा महिने बंद असलेली घरे उघडली आहेत. याच दिवसांत जुने हिशेब निघतात, वाटण्यांची भांडणे निघतात, आणि याच दिवसांत एखाद्या दारापुढे लिंबू पडते. मन्मथस्वामींच्या समाधीच्या या ठिकाणी आपण दूरदूरून श्रद्धेने येता. त्या श्रद्धेला मी हात लावीत नाही. इतकेच मागतो, की या उन्हाळ्यात आपल्या गल्लीत तसे लिंबू दिसले, तर वळसा घालून जाऊ नका. ते उचलून बाजूला टाका, त्या दारात जा आणि आतल्या बाईकडे एक कप चहा मागून प्या. सगळ्यांच्या देखत प्या.