घोडी गाडीत बसत नाही, ती उभी राहते: येडशी ते सारंगखेडा

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, "तू सारंगखेड्याला घोडी घेऊन गेला होतास, त्याचं काय झालं?" तर आज तेच सांगतो. आणि आधीच सांगून ठेवतो, या गोष्टीत आम्ही जिंकत नाही.

सारंगखेडा म्हणजे नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यात, तापीच्या काठावर. एकमुखी दत्ताचं देऊळ आहे तिथं. दत्तजयंतीला यात्रा भरते आणि तिथला घोडेबाजार देशभर माहीत आहे. मारवाडी, काठेवाडी, पांढरे शुभ्र नुकरा, सगळे घोडे येतात. नुसती खरेदी-विक्री नाही, नाचाच्या आणि रेवाल चालीच्या स्पर्धाही होतात. रेवाल म्हणजे घोडा भरभर चालतो, पण वर बसलेला माणूस हलत नाही अशी चाल.

मामांची चांदणी त्या चालीत पक्की. मामांचा धंदा लग्नाच्या वरातींचा. स्पर्धेत नंबर आला असता तर पुढच्या सीझनची सुपारी दुप्पट झाली असती. घोडीवर कर्जही होतं. म्हणजे हौस नव्हती ती, पोटाचा प्रश्न होता.

बाहेरच्या देशांतले व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. गाडीमागं घोड्याचा बंद ट्रेलर, आत गादी, खिडकी. आपल्याकडं काय? पिकअप. खाली भुसा, कडेला बांबू, वर ताडपत्री. जनावरांच्या डॉक्टरांचा दाखला तेवढा घेतला होता.

रात्री आठला येडशी सोडली. रामलिंगच्या जंगलाकडनं येणारा गारठा अंगात शिरत होता. मी मागं घोडीजवळ, मामा पुढं ड्रायव्हरशेजारी. तेरखेडा गेलं, चौसाळ्याच्या पुढं एक ट्रक अचानक आडवा आला आणि आमच्या ड्रायव्हरनं कचकन ब्रेक मारला. चांदणी गुडघ्यावर आली. माझ्या काळजाचं पाणी झालं.

मामा उतरले. गुडघा थोडा खरचटला होता, बाकी ठीक. मामा म्हणाले, "दोर आखूड कर भाच्या. मान वर राहिली की पडायची नाही."

मी दोर आखूड केला. मंडळी, चूक झाली ती इथं. आणि ती आम्हा दोघांची होती.

मांजरसुंबा, बीड, गेवराई. महामार्ग चौपदरी, गाडी साठ-सत्तरनं पळतीय. घोडी शांत उभी. मला वाटलं, सवय झाली हिला. संभाजीनगर मागं पडलं आणि ती खोकली. मग परत. नाकातून पाणी यायला लागलं. पाण्याची बादली तोंडाजवळ नेली, तर शिवेना.

कन्नडच्या अलीकडं चहाला थांबलो. तिथं एक म्हातारे बाबा होते, आयुष्यभर टांगा चालवलेले. त्यांनी गाडीत डोकावलं आणि एकच प्रश्न विचारला, "हिला मान खाली घालू दिली का रे रातभर?"

मी गप्प.

त्यांनी सांगितलं आणि नंतर डॉक्टरांनीही तेच समजावलं. घोडा चरताना तास न् तास मान खाली ठेवतो. त्यामुळं श्वासनळीतली घाण, धूळ, शेंबूड बाहेर वाहून जातो. मान वर बांधून ठेवली की ती घाण आत उतरते आणि फुप्फुसाला संसर्ग होतो. लांबच्या प्रवासानंतर घोड्याला येणाऱ्या या तापाला इंग्रजीत 'शिपिंग फीवर' म्हणतात. वेळेत कळलं नाही तर घोडा जातोसुद्धा.

आता पुढं औट्रम घाट. 2023 पासून कोर्टाच्या आदेशानं तिथं जड वाहनं बंद आहेत, पण पिकअप जाते. वळणं तीच आणि रात्र तीच. नावनोंदणी सकाळी होती. सरळ घाट उतरलो असतो तर वेळेत पोचलो असतो.

मामा पाच मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "उतरव तिला."

दीड तास ती रस्त्याच्या कडेला मान खाली घालून उभी होती. नाक वाहत होतं. शेवटी अर्धी बादली पाणी प्यायली. मग घाट उतरलो, अगदी बैलगाडीच्या वेगानं. चाळीसगाव, धुळे, दोंडाईचा करत सारंगखेड्याला पोचलो तेव्हा ऊन वर आलं होतं. नावनोंदणी चालू होती अजून! पण डॉक्टरांनी थर्मामीटर लावला, 103. घोड्याचं साधारण 99 ते 101 असतं.

मी म्हणालो, "मामा, एकच फेरी आहे."

मामा म्हणाले, "फेरी एक आहे रे, घोडीपण एकच आहे."

नाव दिलंच नाही. चार दिवस इंजेक्शनं झाली, ताप उतरला. बाकीच्यांचे घोडे नाचताना आम्ही चांदणीला ओला चारा जमिनीवर टाकून खाऊ घालत होतो.

परत आल्यावर मी प्राणी वाहतुकीचे 1978 चे नियम वाचले. सगळं लिहिलंय हो त्यात! तळाला न घसरणारं काहीतरी हवं. बांबू किमान 8 सेंटिमीटर जाडीचे. घोड्याचं तोंड डावीकडं, म्हणजे समोरून येणाऱ्या गाड्यांना तो बुजणार नाही. आणि वेग ताशी 35 च्या वर नाही. येडशी ते सारंगखेडा चारशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे बारा तास नुसतं चालणं. थांबे धरले तर दोन दिवस. आम्ही एका रात्रीत उरकायला निघालो होतो.

परतीला दोन दिवसच लावले. दोर सैल, तीन-चार तासांनी थांबा, मान खाली, पाणी. चांदणी एकदाही खोकली नाही.

एवढंच लक्षात ठेवा मंडळी. आपण गाडीत बसतो, घोडा उभा असतो. प्रत्येक ब्रेक, प्रत्येक वळण तो चार पायांवर झेलतो. कुणी जनावर घेऊन निघणार असेल तर हा भाग त्याच्या ड्रायव्हरला ऐकवा.

मामांचं कर्ज? फिटतंय हळूहळू. चांदणी वरातीत चालतीय. यंदा परत जायचं म्हणतायत, पण दोन दिवस आधी निघून. चला, भेटू पुढच्या भागात.