पाण्यातले लोखंड



काही बोअरिंगचे पाणी भरताना स्वच्छ दिसते. रात्रभर घागरीत ठेवले, की तळाला तांबडा गाळ बसतो. असे का होते? जमिनीखाली हवा पोचत नाही. तिथे लोखंड पाण्यात विरघळून राहते. वर हवा लागली, की त्याचा गंज होतो.

आपल्या कायरला ऊन पाण्याचा झरा आहे. तसे झरे समुद्राच्या तळाशीही असतात. डिसेंबर २०२४ मध्ये आपल्या शास्त्रज्ञांनी हिंदी महासागरात सुमारे ४,५०० मीटर खोल असलेल्या अशा झऱ्याची छायाचित्रे घेतली. त्यांत गोव्याची संस्था होती. समुद्राचे पाणी भेगांतून आत झिरपते, तापते, खडकातले लोखंड नि गंधक घेऊन उसळते. थंड पाणी भेटताच दोन्हींचे काळे कण होतात. जणू चुलीचा धूरच!

आता मुकुटबनकरांना आम्ही एवढेच सांगतो. लोखंड दिसते, पाणी निवळून गाळता येते. पण आपल्या जिल्ह्यात काही ठिकाणी पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. ते दिसत नाही, उकळून जात नाही, दात आणि हाडे बिघडवते. म्हणून स्वच्छ दिसणारे पाणीही ग्रामपंचायतीला सांगून तपासून घेऊ या.