केसांचे औषध आणि कातडीचे वय



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले, तेव्हा आम्ही बोनसवर किंवा कंत्राटी पद्धतीवर बोलू, अशी त्यांची समजूत असावी. आम्ही विषय कळविला तेव्हा कार्यवाहांनी दोनदा विचारले, "नक्की हाच ना?" हाच. केस गळू नयेत म्हणून जी औषधे घेतली जातात, त्यांचा कातडीवर काय परिणाम होतो, आणि कातडी अकाली म्हातारी होऊ नये म्हणून काय करावे, हा आजचा विषय. आमच्या डोक्याकडे पाहून पुढच्या रांगेतली मंडळी हसत आहेत, ते आम्हांस दिसते आहे. खुशाल हसा. ज्याच्या शेतात काही उरले नाही त्याने राखणीवर बोलावे, असा हा प्रकार आहे खरा.

आम्ही डॉक्टर नाही. नववीत शाळा सुटली ती सुटलीच. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत, ग्रंथालयात आणि कोर्टाच्या व्हरांड्यात झाले. म्हणून जे चार ठिकाणी ताडून पाहिले तेवढेच सांगू. पण हा विषय आम्ही का धरला, ते आधी सांगितले पाहिजे, कारण त्यात आमची एक चूक आहे.

काही वर्षांपूर्वी एका दुकानातील एक तरुण कामगार आमच्या कचेरीत आला. गिऱ्हाइकांसमोर उभे राहण्याचे त्याचे काम. वय तीसच्या आत, पण कपाळ मागे सरकलेले. तो म्हणाला, "काका, एक विचारू? केसांसाठी बाटली आणलीय. डोक्याला खाज सुटलीय, कपाळही लाल झालंय. चालू ठेवू का?" त्या दिवशी वेतनकराराची बोलणी अडली होती. आम्ही म्हणालो, "अरे बाबा, हा काय संघटनेचा प्रश्न आहे?" चारचौघे हसले. तोही हसला आणि निघून गेला.

तो गेला तो थेट औषधाच्या दुकानात. तिथे त्याला खाजेवर मलमाची एक ट्यूब मिळाली. दोन दिवसांत आराम पडला. शिवाय चेहरा उजळ दिसू लागला, म्हणून त्याने ती ट्यूब रोज चेहऱ्याला चोळली, सहा-सात महिने. पुन्हा आला तेव्हा त्याच्या गालांवरची कातडी पातळ झाली होती, खालच्या बारीक शिरा दिसत होत्या, आणि उन्हात पाऊल टाकताच चेहरा भाजल्यासारखा होई. ट्यूब थांबवली की लाली दुप्पट. मालकाने त्याला समोरच्या कामावरून काढून मागे गोदामात टाकले होते. चेहऱ्यामुळे माणूस मागे टाकला, असे कोणत्याही पत्रात लिहिलेले नसते, त्यामुळे भांडण लढायलाही कागद नाही. तेव्हा आम्हांस कळले की त्याचा पहिला प्रश्न संघटनेचाच होता. माणूस केसांसाठी बाटली हौसेने घेतो असे नाही. वय दिसले की भाकरी जाते, या भीतीने घेतो.

त्यानंतर आम्ही हा विषय वाचू लागलो. आता ती बाटली उघडून पाहू.

बाटलीतल्या औषधाचे नाव मिनॉक्सिडिल. गंमत अशी की ते केसांसाठी शोधलेलेच नव्हे. ते रक्तदाबाचे औषध. रक्तवाहिन्या सैल करते, म्हणून दाब उतरतो. अमेरिकेत 1979 साली त्याच्या गोळीला मान्यता मिळाली. गोळ्या घेणाऱ्या रोग्यांच्या अंगावर केस वाढू लागले, आणि कंपनीने तेच औषध पातळ करून डोक्याला लावायचे केले. 1988 साली त्याला टकलावरचे औषध म्हणून तिथे परवानगी मिळाली. म्हणजे एका औषधाचा जो दोष होता, तोच दुसऱ्या बाटलीत गुण झाला.

हे औषध डोक्याला लावले की कातडीवर काय होते? पहिली गोष्ट खाज, कोरडेपणा, लाली आणि कोंड्यासारखे पापुद्रे. पुष्कळदा याचा दोषी मिनॉक्सिडिल नसते, तर ते ज्यात विरघळवलेले असते ते प्रोपिलीन ग्लायकॉल नावाचे द्रव्य असते. खाऱ्या पाण्यात डाळ शिजवली तर दोष डाळीला देऊन कसे चालेल? म्हणूनच पुढे हे द्रव्य नसलेला फेसाचा प्रकार निघाला. आमच्या त्या तरुणाला एवढे एक वाक्य कोणी सांगितले असते, बाटली थांबव, डॉक्टरला दाखव, फेस चालतो का विचार, तर पुढचे रामायण घडले नसते.

दुसरी गोष्ट म्हणजे नको तिथे केस. औषध कपाळावर ओघळले, उशीला लागून गालावर आले, तर तिथे लव वाढू शकते. बायकांमध्ये हे अधिक आढळते. औषध थांबवले की ती लव हळूहळू जाते. म्हणून लावल्यावर हात धुवावेत, डोके वाळू द्यावे, आणि मगच उशीला टेकावे. सोललेल्या किंवा उन्हाने भाजलेल्या डोक्याला ते लावू नये, कारण अशा कातडीतून औषध जास्त आत शिरते. घरात तान्हे मूल असेल तर विशेष जपावे. स्पेनमध्ये 2019 साली पोटाच्या औषधाच्या जागी चुकून मिनॉक्सिडिल भरले गेले, आणि ते पोटात गेलेल्या बाळांच्या अंगभर केस उगवले. घरात मांजर असेल तर तिलाही दूर ठेवा, तिच्या जिवावर बेतते.

आता पुष्कळांच्या मनातली तिसरी शंका. हे औषध चेहरा म्हातारा करते काय? या शंकेला एक मूळ आहे. आपल्या कातडीला ताण देणारे दोर म्हणजे कोलॅजेन. त्या दोरांची वीण घट्ट करणारे एक विकर असते. प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत वाढवलेल्या कातडीच्या पेशींवर मिनॉक्सिडिल टाकले, तेव्हा ते विकर कमी झालेले दिसले. तेवढ्यावरून ओरड झाली की हे औषध सुरकुत्या पाडते. परंतु बशी म्हणजे गाल नव्हे. डोक्याला औषध लावणाऱ्यांचा चेहरा त्यामुळे लवकर सुरकुततो, असे माणसांवर पाहून सिद्ध झालेले नाही. हल्ली डॉक्टर कमी मात्रेची गोळीही देतात. तिने अंगात पाणी साठून डोळ्यांखाली किंवा पायांवर सूज येऊ शकते. ती सूज दिसली तर डॉक्टरला सांगावे, आरशाला नव्हे.

दुसरे औषध फिनास्टेराइड. हेही आधी दुसऱ्याच दुखण्यासाठी, पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीसाठी, 1992 साली अमेरिकेत आले आणि 1997 साली पुरुषांच्या टकलासाठी एक मिलिग्रॅमची गोळी म्हणून मान्य झाले. टक्कल पाडणारा जो संप्रेरक असतो, तो तयार करणाऱ्या विकराला हे अडवते. त्या विकराचे दोन प्रकार आहेत. कातडीतल्या तेलाच्या ग्रंथींत मुख्यतः पहिला असतो, आणि ही गोळी मुख्यतः दुसऱ्याला अडवते. म्हणून तिने चेहऱ्याचे तेल फारसे हलत नाही. तिचे धोके वेगळे आहेत. काहींना कामेच्छा मंदावण्याचा किंवा मन खचण्याचा त्रास होतो, आणि गरोदर बाईने तिच्या फुटलेल्या गोळीला हातही लावू नये. ही गोळी मित्राच्या सांगण्यावरून घेण्याची चीज नव्हे.

आणि केस गळणे म्हणजे एकच रोग नव्हे, हेही लक्षात ठेवा. रक्त कमी असेल, थायरॉइड बिघडले असेल, मोठा ताप येऊन गेला असेल, तरी केस गळतात. 2024 च्या अखेरीस आणि 2025 च्या जानेवारीत बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यातील गावांत माणसांचे केस काही दिवसांत गेले, तेव्हा तपासात बोट सेलेनियम या द्रव्याकडे गेले. तिथे टकलावरची बाटली काय करणार? आधी कारण, मग औषध.

तर मग कातडीला खरोखर म्हातारे कोण करते? आमच्या मते आरोपी तीन.

पहिला आरोपी ऊन. 2012 साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात एका ट्रकचालकाचे छायाचित्र छापले गेले. वय 69, अठ्ठावीस वर्षे मालाची गाडी हाकलेली. चेहऱ्याचा डावा अर्धा भाग उजव्यापेक्षा कितीतरी अधिक सुरकुतलेला. तिकडे चालक डाव्या बाजूला बसतो, आणि खिडकीच्या काचेतून अतिनील किरणांतला एक भाग आत येतो. माणूस तोच, वय तेच, औषध तेच. फरक फक्त खिडकीचा. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. आमच्या ड्रायव्हर बंधूंनो, घरी जाऊन आपला उजवा हात डाव्याशेजारी ठेवून पाहा.

याला उपाय आहे, हेही सिद्ध आहे. ऑस्ट्रेलियातल्या नांबूर गावी 903 माणसांवर साडेचार वर्षे प्रयोग झाला. ज्यांना रोज सनस्क्रीन लावायला सांगितले, त्यांच्या कातडीचे म्हातारपण, मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांच्या तुलनेत 24 टक्के कमी दिसले. ती माणसे गोऱ्या कातडीची. आपल्या सावळ्या रंगात निसर्गाने थोडी छत्री आधीच दिली आहे, म्हणून तो आकडा जसाच्या तसा आपल्याला लावू नये. पण डाग आणि काळवंडणे आपल्याला चुकत नाही. शक्य असेल त्याने तीस एसपीएफचे सनस्क्रीन लावावे आणि उन्हात दर दोन तासांनी पुन्हा लावावे. ज्याला ते परवडत नाही, त्याने लांब बाह्या, रुंद काठाची टोपी किंवा उपरणे वापरावे. कापडाची सावली दोन तासांनी उतरत नाही. टक्कल असलेल्यांनी तर टोपी विसरूच नये. आम्ही हे अनुभवाने सांगतो.

दुसरा आरोपी तंबाखूचा धूर. विडी-सिगारेटने सुरकुत्या लवकर पडतात. केसांच्या बाटलीवर महिन्याला पैसे खर्चून वर सिगारेट ओढणारा माणूस एका हाताने घर सारवतो आणि दुसऱ्या हाताने उकरतो.

तिसरा आरोपी ती ट्यूब. तिच्यात स्टेरॉइड होते. डॉक्टरच्या हाती ते उत्तम हत्यार आहे. पण चेहऱ्याला महिनोन्महिने चोळले तर कातडी पातळ करते. 2018 साली आपल्या सरकारने अशी मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. नियम कागदावर आहे. त्याला दुकानाच्या फळीपर्यंत आणायचे काम गिऱ्हाइकाचे, म्हणजे तुमचे-आमचे आहे.

आता आमच्या धंद्याचे बोलतो. रस्त्यावर खडी टाकणारी बाई, उन्हातला पोरगा जो पार्सल घेऊन फिरतो, सिग्नलवरचा हवालदार, यांना आम्ही सनस्क्रीनचे व्याख्यान देऊन मोकळे व्हावे काय? त्यांची कातडी मालकाच्या कामात झिजते. यंत्राची झीज हिशेबात धरतात, माणसाच्या कातडीची झीज कोणत्या वहीत धरतात? म्हणून टोपी, पूर्ण बाह्यांचा कपडा, सावलीचा मंडप आणि भर दुपारच्या कामाच्या वेळेत बदल या मागण्या आता आमच्या मागणीपत्रात वेतनाच्या खालोखाल असतात. पूर्वी त्या नव्हत्या. त्या त्या तरुणामुळे आल्या.

तो तरुण आता बरा आहे. सरकारी रुग्णालयातल्या त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाईंनी ट्यूब सोडवली, वर्ष लागले. केस त्याने सोडून दिले. बाटली थांबवली की उगवलेले काही महिन्यांत जातात, हे त्याला आम्ही आता सांगू शकलो असतो. त्याला ते आपले आपण कळले. परवा भेटला तेव्हा डोक्यावर टोपी होती. म्हणाला, "काका, आता तुमच्यासारखाच." आम्ही हसलो नाही. आम्ही त्याला खुर्ची दिली आणि विचारले, "बोल, काय काम काढलंस?"

पहिल्या दिवशी एवढेच करायला हवे होते.