घरच्या गाडीने गीर, अमरेलीमार्गे

(मंडळाच्या चैत्रातील कौटुंबिक मेळाव्यात केलेले भाषण)



आंब्याची डाळ आणि पन्हं झाल्यावर माणसाला भाषण ऐकायला बसवणं हा अन्यायच आहे, पण कार्यवाहांनी आग्रह धरला. मी मार्ग-मकान खात्यात अतिरिक्त सहायक अभियंता आहे. डिप्लोमा झालेला, साइटवर वाढलेला माणूस. तेव्हा वर्णन कमी आणि अंतरं, वेळा, हिशोब जास्त असं बोलणं होईल, ते चालवून घ्या.

गेल्या मे महिन्यात आम्ही सात जण गीरला गेलो. आई-बाबा, आम्ही दोघं, आमची दोन मुलं आणि माझी भाची. आमच्या खात्यात मे महिन्यात रजा मागणं म्हणजे वरिष्ठांच्या कपाळावर आठी आणणं, कारण पावसाआधी डांबराची कामं उरकायची असतात. पाच दिवसांची हक्क रजा मिळाली, म्हणून ती मोजूनमापून वापरली.

पहिली गोष्ट कॅलेंडरची. गीर १६ जून ते १५ ऑक्टोबर बंद असतं. आपल्याकडे शाळांची सुट्टी मेच्या पहिल्या आठवड्यात लागते. म्हणजे हातात जेमतेम पाच आठवडे. लोक म्हणतात, उन्हाळ्यात कोण जातं जंगलात? पण उन्हाळ्यातच पानं झडलेली असतात, गवत सुकलेलं असतं आणि जनावरं पाण्याच्या जागा सोडून फार लांब जात नाहीत. वनखातं ठिकठिकाणी कुंड्या भरून ठेवतं. दिवाळीत हवा छान असते, पण गवत उंच. तेव्हा मे हा वेडेपणा नाही. फक्त ऊन आपल्याला सोसायचं आहे, हे घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाकडे बघून ठरवावं.

दुसरी गोष्ट परमिटाची. आपण आधी हॉटेल बघतो, मग स्वयंपाकघरात खाखरे नि ठेपले किती करायचे त्याची चर्चा, आणि परमिट शेवटी. हे उलट करा. परमिट राज्य वनखात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरच काढायचं. सारख्याच नावाच्या, जास्त पैसे उकळणाऱ्या साइट्स बऱ्याच आहेत. शनिवार-रविवार आणि सणासुदीला दर जास्त, म्हणून मधले वार धरावेत. एका जिप्सीत सहा प्रवासी, सोबत चालक आणि मार्गदर्शक. आपली गाडी आत नेता येत नाही. परमिटावर ज्याचं जे ओळखपत्र दिलं असेल तेच मूळ स्वरूपात बरोबर लागतं. मी सगळ्यांची ओळखपत्रं एका जुन्या मिठाईच्या डब्यात घालून डबा सौभाग्यवतींच्या ताब्यात दिला होता. त्या डब्याची घरात अजून थट्टा होते.

आता रस्ता. बडोद्याहून सासण चारशे किलोमीटरच्या आसपास आहे. मी राजकोट-जुनागढमार्गे जायचं ठरवलं होतं, कारण चौपदरी, गुळगुळीत रस्ता. जेवताना नकाशा दाखवला. बाबांनी चष्मा लावून बघितला आणि एवढंच विचारलं, "धारी लागतं का रे वाटेत?"

इथे तरुण मंडळींसाठी थोडं सांगतो. बडोदे संस्थानाचे प्रांत चार: बडोदे, कडी, नवसारी आणि अमरेली. अमरेली इथून लांब, काठेवाडात, मध्ये दुसऱ्यांची संस्थानं. धारी आणि कोडीनार हे त्याच प्रांतातले महाल, आणि गीरच्या जंगलाचा काही भाग या महालांत येत होता. म्हणजे जुनागढच्या नवाबाचं गीर सर्वांना माहीत असतं, पण गायकवाडी गीर असंही एक होतं. सयाजीराव महाराजांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा पहिला प्रयोग १८९३ साली केला तो बडोदे शहरात नाही, अमरेली तालुक्यात. सगळ्या संस्थानात ती सक्ती १९०६ साली आली. आपल्या किती घरांतले आजे-पणजे कारकून, मास्तर, फौजदार म्हणून तिकडे बदलीवर गेले असतील! माझे आजोबा धारीला मास्तर होते. बाबांचा जन्म तिथला. १९४९ साली संस्थान विलीन झालं, पुढे आजोबा बडोद्याला परत आले, आणि त्यानंतर बाबा कधी तिकडे गेले नव्हते. वय वर्षं एकोणऐंशी.

मी राजकोट खोडून टाकलं. वासद, बोरसद, तारापूर, वटामण, धंधुका, अमरेली, धारी असा रस्ता घेतला.

पहाटे साडेचारला निघालो. कारण असं की वटामणच्या पुढे भालचा प्रदेश सुरू होतो. हो, आपण भालिया गहू आणतो तोच भाल. सपाट, झाड नाही, सावली नाही. तो ऊन चढायच्या आत ओलांडावा. वासद-बगोदरा रस्ता आता सहापदरी आणि उत्तम आहे. आमच्याच खात्याचं काम म्हणून कौतुक करतो असं समजू नका. धंधुक्याकडे वळल्यावर मात्र वेग कमी करा, रोझ कधी आडवे येतील सांगता येत नाही. हवा टायरमध्ये थंड असतानाच तपासा, स्टेपनीतही. सीएनजी असली तरी पेट्रोलची टाकी भरलेली ठेवा. दर दीड तासाने थांबा, तहान लागायची वाट न बघता सगळ्यांना पाणी पाजा. म्हातारी माणसं प्रवासात मुद्दाम पाणी पीत नाहीत, का ते आपल्याला माहीत आहे. म्हणून थांबे आधीच स्वच्छ जागी ठरवा आणि त्यांना सांगून ठेवा. आमच्या आईने हे ऐकल्यावरच पाण्याच्या बाटलीला हात लावला.

साडेदहाला अमरेलीत. दुपार झोपून काढली, उन्हं उतरल्यावर धारीला गेलो. बाबांना शाळा ओळखू आली नाही. बाजार ओळखू आला नाही. एका पानवाल्याशी ते काठेवाडी गुजरातीत बोलू लागले. माझ्या जन्मात मी बाबांना त्या बोलीत बोलताना ऐकलं नव्हतं. पानवाल्याने त्यांना एका जुन्या विहिरीपाशी नेलं. बाबा काठाला हात लावून बराच वेळ उभे राहिले. घर याच्या डाव्या हाताला होतं, म्हणाले. तिथे आता मोबाईलचं दुकान आहे.

परतताना गाडीत त्यांनी मुलांना एक शब्द दिला. मराठीत सावज म्हणजे ज्याची शिकार करायची ते. तिकडे सावज म्हणजे खुद्द सिंह! "माझ्या आईला पहिल्या वर्षी शेजारीण सांगायला आली, रात्री सावज आला होता. आई म्हणाली, मग पकडलं का नाही?" मुलं पुढचे चार दिवस हेच बोलत होती.

त्याच संध्याकाळी चहाच्या टपरीवर एक जण हळूच विचारून गेला, "साहेब, सावज जोवो छे?" हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्यातलेही काही जण या मोहात पडतात. २०२५ च्या गणनेत ८९१ सिंह मोजले गेले, २०२० मध्ये ६७४ होते. त्यांतले बरेच संरक्षित जंगलाबाहेर, शेतांत आणि वाड्यांत राहतात. त्यामुळे रात्री शेतात नेऊन सिंह दाखवणारे भेटतात. जनावराला आमिष दाखवलं जातं, डोळ्यांवर बॅटरी मारली जाते. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली हा गुन्हा आहे, आणि दाखवणाऱ्याबरोबर बघणाराही अडकतो. आमिषाला सोकावलेला सिंह उद्या माणसाजवळ येतो, आणि मग निस्तरतो तो तिथला शेतकरी. आपण तर बडोद्याला परत आलेलो असतो. माझा मुलगा हट्टाला पेटला होता. मी गाडी सुरू केली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सासण गाठलं आणि दिवसभर आराम केला. तिसऱ्या दिवशी पहाटेची फेरी. ती साधारण सहाला सुटते आणि तीन तास चालते. उन्हाळ्यात हीच घ्यावी. कच्च्या रस्त्यावर जिप्सी चांगलीच आदळते, म्हणून आई-बाबांना त्यात बसवलं नाही. त्यांच्यासाठी देवळिया. कुंपण घातलेलं मोठं रान, बसमधून फिरवतात, गुडघ्याला त्रास नाही. बुधवारी बंद असतं, आणि गीर बंद असताना पावसाळ्यातही चालू राहतं. कंबरदुखीवाल्यांनी कमीपणा न मानता तिकडेच जावं.

झालं असं की आम्हा पाच जणांना जंगलात चितळ दिसले, सांबर दिसलं, मोर तर किती, नेसातले मालधारी आणि त्यांच्या म्हशी दिसल्या. ओल्या मातीत ताजे पंजे दिसले. सिंह दिसला नाही. आई-बाबांनी बसच्या खिडकीतून तीन बघितले. आई म्हणाली, "कमाटीबागेतल्यापेक्षा अंगाने बारीक वाटले, पण चाल काय!" धाकट्याने पैसे परत मिळतील का विचारलं. परमिट सिंहाचं नसतं, जंगलात शिरायचं असतं, हे निघण्याआधी मुलांना समजावून सांगा. गाडीत बसल्यावर सांगून उपयोग नाही.

चौथ्या दिवशी सोमनाथ. नव्या मंदिराजवळच अहल्याबाईंनी १७८३ साली बांधलेलं मंदिर आहे. गर्दीत तिकडे फारसं कोणी वळत नाही, आपण वळावं. परतीला तालाला, केसरसाठी. मेच्या मध्यावर बाजार भरात असतो. पेट्या सर्वांत शेवटी घ्या, गाडी उन्हात उभी करू नका, आणि पेटी मागच्या सीटखाली नको, तिथे वारं लागत नाही. आमची एक पेटी वाटेतच संपली.

ज्यांच्याकडे दोनच दिवस आहेत त्यांनी भावनगरजवळचं वेळावदर बघावं. चौतीस चौरस किलोमीटरचं गवताळ रान आणि काळवीट. तेही १६ जूनला बंद होतं.

मुक्काम, थांबे आणि वेळा यांचा एक कागद मी झेरॉक्स करून आणला आहे. चहाच्या टेबलावर ठेवला आहे. आणि ज्यांच्या घरी कोणी अमरेली, धारी, कोडीनारला नोकरीस होतं, त्यांनी कृपया बाबांशी बोला. ते तिसऱ्या रांगेत, पंख्याखाली बसले आहेत.