आधी विचारा, मग सांगा

कॅन्सरचे पेशंट आणि त्यांच्या घरचे यांच्याशी बोलण्यातच माझी नोकरीची सगळी वर्षं गेली. त्यामुळे अवघड संवाद म्हटलं की मला हॉस्पिटलचा पॅसेज आठवतो. शेजारून ट्रॉली जात असते आणि तिथेच उभ्याउभ्या रिपोर्ट सांगितला जातो. वाईट बातमी सांगण्याची 'स्पाइक्स' पद्धत 2000 साली आली. ती इथल्या डॉक्टरमंडळींना पाठ आहे, तेव्हा ती सगळी उगाळत नाही. तिच्यातली एकच पायरी मला लाखमोलाची वाटते आणि नेमकी तीच आपल्याकडे गाळली जाते. सांगण्याआधी विचारायचं, "तुम्हाला काय झालंय असं वाटतं?"

पुढच्या रांगेत कुणीतरी नकारार्थी मान हलवतंय. ओपीडीत एवढी गर्दी, वेळ कुठून आणायचा, हेच ना? अडचण खरी आहे. 1984 साली बेकमन आणि फ्रँकेल यांनी अमेरिकेत मोजलं, तेव्हा डॉक्टर सरासरी 18 सेकंदांत पेशंटचं बोलणं तोडत होते. पुढे 2002 मध्ये स्वित्झर्लंडमधला अभ्यास आला. तिथे डॉक्टर मध्ये न बोलता ऐकत राहिले. पेशंट सरासरी 92 सेकंद बोलले आणि आपणहून थांबले. दीड मिनिट! आपल्याकडे केसपेपर सापडायला याहून जास्त वेळ जातो. (हशा)

साताऱ्याकडचे एक शेतकरी आले होते. मुलाने मला दारातच गाठलं. "बाबांना काही सांगू नका, हाय खातील." अशा वेळी आपण पेशंटच्या हक्कांवर बोलू लागतो आणि मुलगा आणखी ताठर होतो. मी विचारलं, "तुम्हाला कसली भीती वाटते?" मग तो बोलत सुटला. आजोबांना असंच सांगितलं होतं, त्यांनी जेवण टाकलं, ते गेले. सगळं ऐकून मी म्हटलं, "मी आपणहून काही सांगणार नाही. पण त्यांनी विचारलं तर खोटंही बोलणार नाही. चालेल?" तो हो म्हणाला.

आत बाबा टोपी मांडीवर ठेवून बसले होते. मी खुर्ची जवळ ओढली आणि विचारलं, "तुम्हाला काय झालंय असं वाटतं?" म्हणाले, "गाठ वाईट हाय. पोरगं म्हनतंय ताकदीचं सलाईन हाय, पर बाकीच्यांची डोकी दिसत्यात की मला. येवढंच सांगा, ऊस तुटंपतुर हाय का मी? सोसायटीचं कर्ज माझ्या नावावर हाय."

आयुष्य किती, हा त्यांचा प्रश्नच नव्हता. त्यांना कर्जाचा घोर होता. "नक्की तारीख मला सांगता येणार नाही," मी म्हटलं. "पण आजार गंभीर आहे. कागदपत्रांचं काम याच महिन्यात उरका. मुलाला आत बोलवू का?" त्यांनीच हाक मारली. मुलगा आला आणि पहिल्यांदाच ते दोघं माझ्यासमोर सात-बाऱ्यावर बोलले, सोसायटीवर बोलले, थोडे भांडलेही.

चिठ्ठी आली आहे, वेळ संपली. 2019 पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात संवाद शिकवतात, त्यावरही बोलायचं होतं; ते राहू दे. प्रश्न घेऊ. ज्यांच्या घरी आत्ता कुणी आजारी आहे, त्यांनी आधी विचारा. डॉक्टरांनी नंतर.